ओठांवरची डॅनिश

माझ्या लेकीला ऐकू येत नाही. दीड वर्षाची असताना ताप मेंदूत गेला आणि कान घेऊन गेला. यंत्र बसवून पाहिलं, फारसा उपयोग झाला नाही. ती समोरच्याच्या ओठांवरून बोलणं ओळखते, तेही फक्त इंग्रजी. स्पीच थेरपीच्या बाईंनी तेव्हाच बजावलं होतं, घरात एकच भाषा ठेवा, नाहीतर पोरीचा गोंधळ होईल. सिंगापूरमध्ये राहायचं म्हटल्यावर ती एक कोणती, हे काय विचारायचं! तेव्हापासून मी पोटच्या पोरीशी इंग्रजीत बोलते. मराठी फक्त फोनवर, नाशिकला आईशी. आणि चिडले की आपोआप. इथे आमचं बोलणं मराठीत लिहितेय, तेवढीच माझी हौस.

यंदा तिला चौदावं लागलं. शाळेत प्रोजेक्ट होता, जुन्या काळातला कुठलाही कलाकार. पठ्ठीने शोधून काढली मूकपटातली एक नटी, जन्म डेन्मार्कचा.

"अगं, आपल्याकडच्या नट्या काय मेल्या होत्या?"

"सगळ्याच मेल्यात, लाह."

घ्या! वर वाक्याला ते इथलं सिंगापुरी 'लाह'चं शेपूट. मग आठवडाभर घरात तीच बाई. कोपनहेगनच्या थिएटरात नाचणारी पोर, बोटीने अमेरिकेला गेली. आधी मागच्या रांगेत, मग राण्या, विधवा, बिघडलेल्या बायका. पोस्टरवर नायकाच्या आधी तिचं नाव. आणि बोलपट आले नि बाईंचे उच्चार परके निघाले. एक-दोन सिनेमांत मोलकरीण झाली, पुढे तेही नाही.

"चेहरा तोच होता ना? अभिनय तोच ना? मग?" तिने मला असं विचारलं, जणू मीच त्या बाईला कामावरून काढलं होतं. तिच्या बोलण्याला शाळेत कोण हसतं, ते मला माहीत आहे.

रविवारी सकाळी क्वीन्सटाउनच्या आमच्या फ्लॅटमध्ये दोघीच होतो. नवरा मरीन इंजिनीअर, तो जहाजावर. लॅपटॉपवर सिनेमा चालू होता. एकदम तिने थांबवला.

"आई, ही इंग्रजी बोलत नाहीये."

खरंच की! मूकपटात कोण कुठल्या भाषेत बोलतंय, कोण बघतंय? बाई खुशाल आपल्या डॅनिशमध्ये रडत होती.

"तू आजीशी बोलतेस ना, ते मला असंच दिसतं," ती म्हणाली. "आणि बघ, ही एवढं बोलली, मध्ये येणाऱ्या इंग्रजी पाटीवर चारच शब्द. बाकीचं कुठे गेलं?"

"महत्त्वाचं नसेल."

"ते कोण ठरवतं?"

मी भाजी बघायला उठले.

तेवढ्यात नाशिकहून व्हिडिओ कॉल आला. आईचं दुखणं हाताबाहेर गेलं होतं, डॉक्टरांनी घरी न्या म्हणून सांगितलं होतं. भावाने फोन तिच्या तोंडासमोर धरला. तिला नातीशी बोलायचं होतं.

"माफ कर बाळा," आई म्हणाली. "तुझी आई तुला डॉक्टरकडे न्यायला निघाली होती. मीच अडवलं. म्हटलं, पोरांना ताप येतोच, सकाळपर्यंत बघू. काढा पाजला तुला. मला कुठे ठाऊक गं... माफ कर बाळा."

सुट्टीला माहेरी गेले होते तेव्हाची ही गोष्ट. इतक्या वर्षांत आम्ही मायलेकींनी एकमेकींजवळसुद्धा हिचा उच्चार केला नव्हता. आणि आता पोर माझ्या तोंडाकडे बघत बसलेली.

"काय म्हणाली?"

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं. आजीचं सांगितलं की पुढचा प्रश्न माझ्यावर येणार होता, आणि तू? तू का थांबलीस? मी चांगली शिकलेली होते, रिक्षा दाराशी उभी होती. तरी थांबले. का, ते मला आजही सांगता येत नाही.

"आशीर्वाद देतेय. अभ्यास कर म्हणतेय."

"एवढं रडत?"

"म्हाताऱ्या माणसांना येतं रडू."

"हे सगळं नाहीये."

"एवढंच आहे, कळलं?" मी किंचाळले. मराठीत. तेही तिला कळलं नाही.

आठ दिवसांनी आई गेली. लेकीला शेजारणीकडे ठेवून मी नाशिकला जाऊन सगळं उरकून परत आले, त्या दुपारी लेक समोर येऊन उभी राहिली. तो कॉल तिने रेकॉर्ड केला होता. मी नसताना रोज बघत होती. तिने आवाज न काढता सावकाश ओठ हलवले. मी वाचलं. माफ कर बाळा. माझ्या लेकीच्या ओठांवर आलेली पहिली मराठी.

"आजी हे दोनदा म्हणाली. याचा अर्थ काय?"

खरं सांगायची हीच वेळ होती. मला चांगलं कळत होतं.

"काळजी घे," मी म्हटलं. "आमच्यात निघताना म्हणतात."

आता रोज सकाळी मी ऑफिसला निघाले की ती दारापर्यंत येते. मी तिच्याकडे बघतेय ना याची खात्री करते आणि ओठांनी एकेक अक्षर नीट म्हणते, माफ कर बाळा.

मीही तिला तेच म्हणते.