आप्पांचं ऐको

बुऱ्हाणपूरजवळच्या फोपनार गावचे आप्पा 'इको'ला 'ऐको' म्हणत. छातीवर यंत्र फिरवून डॉक्टर हृदयाचं ऐकतो, म्हणून त्या तपासणीचं नाव ऐको, अशी त्यांची पक्की समजूत होती. एकदा बसमध्ये मी सुधारायला गेलो.

"अहो भाऊसाहेब, डॉक्टर ऐकत नाही तर काय टीव्ही पाहते?"

डॉक्टर टीव्हीच पाहत असे. पण बसमधले लोक हसले ते माझ्याकडे बघून.

आप्पांची लेक सोनी आणि माझा मुलगा बंटी, दोघांनाही डाउन सिंड्रोम. दोघांच्याही हृदयात भोक. ते बुजतंय का, हे बघायला दर सहा महिन्यांनी बुऱ्हाणपूरहून इंदूरला जायचं. लोकांनी टक लावून बघू नये म्हणून मी बंटीला खिडकीकडे तोंड करून बसवत असे. आप्पा सोनीला सीटवर उभी करत आणि कंडक्टरला सांगत, "ही आमची सोनी. तिकीट तीच घेईन, तिच्याशी बोला." मग घरच्या बागेतली केळी बसभर वाटली जात, तीही सोनीच्याच हातून.

अशा मुलांनी साध्या शाळेतच शिकावं, असं सरकार तेव्हा नुकतंच म्हणू लागलं होतं. मी शहरातल्या शाळेत अर्ज देऊन उत्तराची वाट बघत बसलो. आप्पांनी सोनीला सरळ गावच्या शाळेत नेऊन पहिल्या रांगेत बसवलं. "मास्तर म्हणे, हिला जमेल का? मी म्हटलं, बाकीच्यांना काय जमून राहिलं?" मी हसलो. घरी आल्यावर मात्र उगाच बायकोवर चिडलो.

पण माझी खरी जळफळ इकोच्या खोलीतली. यंत्र दिसताच बंटी किंचाळायचा, मला लाथा मारायचा. मग आप्पा आत येत, त्याच्या छातीला कान लावत आणि विचारत, "काय म्हन्ते रे हे?" स्वतःच उत्तर देत, "म्हन्ते, मावा जिलबी पाह्यजे!" बंटी खुदकन हसून आडवा व्हायचा, आप्पांचं बोट धरून निपचित पडायचा. मी त्याच्या चपला हातात घेऊन दाराशी उभा. आपल्याच पोराने दुसऱ्याचं बोट धरलेलं बघताना काय होतं, ते कुणाला सांगता येत नाही.

छातीला कान लावणं मलाही जमलं असतं. पण त्या भोकातून रक्ताचा आवाज येतो, असं डॉक्टर म्हणाले होते, आणि तो मला ऐकायचा नव्हता.

एका खेपेला सोनीचं भोक आपोआप बुजलेलं निघालं. आप्पा मला मिठी मारून रडले. "आपल्या बंट्याचंही बुजेन, पहा तुम्ही." मी अभिनंदन केलं. मनात एकच होतं: तुमचंच का? परतीच्या बसमध्ये मी झोपेचं सोंग घेतलं. बुऱ्हाणपूरच्या स्टँडवर उतरताना ते म्हणाले, "आता तुम्हाला एकट्यालाच यावं लागीन हो." त्याचं त्यांना वाईट वाटत होतं.

बंटीचं बुजलं नाही. ऑपरेशन ठरलं. त्याआधीचा इको अगदी स्पष्ट यायला हवा होता. पण त्याच उन्हाळ्यात आप्पा केळीच्या बागेत पाणी देता देता गेले. बंटीला ते कळलं नव्हतं. इकोच्या खोलीत तो दाराकडे बघून रडत राहिला. डॉक्टर घड्याळ बघू लागले.

मी वाकलो. पहिल्यांदाच त्याच्या छातीला कान लावला. ठोक्यामागून तो आवाज येत होता, फुस्स, फुस्स, नळीतून पाणी गळावं तसा. बंटी रडायचा थांबला.

"काय म्हन्ते?" त्याने विचारलं.

'बाबा पाह्यजे' म्हणावंसं फार वाटलं. ओठांवर आलंही होतं.

"म्हन्ते," मी म्हणालो, "आप्पा पाह्यजे."

बंटी खुदकन हसला आणि आडवा झाला. माझं बोट धरून.

"अरे वा," यंत्र फिरवता फिरवता डॉक्टर म्हणाले, "पापा की बात तो बहुत सुनता है!"