नवव्या प्रश्नाचं उत्तर

रियाधमध्ये विम्याचं काम करणाऱ्या आमच्याच एका मराठी साहेबांनी मला फसवलं. मी त्यांना फसवलं नाही. हे आधीच लिहून ठेवतो. नाहीतर ऐकणारे शेवटी म्हणतात, जाऊ द्या, दोघांचंही थोडं थोडं चुकलं असेल. चुकलं एकाचंच.

शुक्रवारची दुपार. साहेबांच्या घरी जेवणं उरकली होती. बँकेतले, कंप्युटरवाले, सगळे बायकामुलांसह आलेले. आतल्या खोलीत मुलं इंग्रजीत भांडत होती. अल खफजीला माझं फ्रीज-एसी दुरुस्तीचं दुकान होतं, तिथून मी पहाटे गाडी काढून आलो होतो. मला दाराजवळची खुर्ची मिळाली, चपलांच्या शेजारी. साहेबांनी विम्याचा फॉर्म मांडीवर घेतला आणि एकेक प्रश्न इंग्रजीत वाचून मराठीत सांगू लागले. सावकाश, सगळ्यांना ऐकू जाईल असं. नववा प्रश्न आला.

"कधी दिवाळखोर ठरला आहात का?"

मी म्हणालो, "हो."

सरबताचा ट्रे घेऊन वहिनी माझ्याकडे येत होत्या. त्या वळल्या आणि आधी सोफ्याकडे गेल्या.

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. तोपर्यंत मी 'तुम्ही' होतो.

"मग तुझा विमा स्वस्तात कसा होईल रे? ज्याने एकदा हात वर केले, तो उद्या स्वतःच्याच दुकानाला काडी लावून पैसे मागणार नाही कशावरून?"

सोफ्यावरून कोणीतरी म्हणालं, "चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या."

सगळे हसले. मोठ्याने नाही. सभ्य माणसं हसतात तसं.

मी खोटं बोलू शकलो असतो. तिथे कोणालाच माझं मागचं माहीत नव्हतं. पण ज्या देशात इकाम्याचा, म्हणजे राहण्याच्या परवान्याचा, कागद जवळ नसला तर माणूस परत पाठवला जातो, तिथे कागदावर खोटं सांगायची माझी तयारी नव्हती. आणि खरं सांगायची मला लाजही नव्हती. कोकणात बंदरावर माझा बर्फाचा कारखाना होता. लागोपाठ दोन वर्षं मासळी आली नाही, भागीदार रातोरात मुंबईला पळाला, आणि कोर्टाने मला नादार ठरवलं. कायद्याने माझं देणं तिथेच संपलं होतं. मी संपू दिलं नाही. सौदीत येऊन दुसऱ्याची मशीनं दुरुस्त केली आणि एकेकाचे पैसे पाठवले. कारखान्यासमोरच्या चहावाल्याचेसुद्धा. त्या सगळ्यांच्या पावत्या त्या दिवशी माझ्या खिशात होत्या. मी काढून पुढे केल्या. साहेबांनी हात पुढे केला नाही.

"तुझ्या गावच्या चिठ्ठ्यांना इथे काय किंमत?" म्हणाले.

विमा मला हवाच होता. इराकचं सैन्य कुवेतमध्ये शिरलं होतं आणि खफजी तर सरहद्दीवरच. आमच्या बाजूच्या वाळूत सैनिकांच्या छावण्या पडत होत्या. त्यांना जेवण पुरवणाऱ्या कंत्राटदाराच्या कोल्ड स्टोरेजचं काम मला मिळत होतं. अट एकच: दुकानाचा आणि गाडीचा विमा दाखवा, तरच फाटकातून आत. माझ्याकडे तीन कारागीर होते, तिघेही कोकणातले. काम गेलं असतं तर तिघांना घरी पाठवावं लागलं असतं.

साहेबांनी आकडा सांगितला. लढाईच्या भीतीने सगळ्यांचेच हप्ते चढले होते, ते मला मान्य होतं. त्यावर दिवाळखोरीची म्हणून वेगळी भर. सगळं मिळून दुप्पट.

मी भाव करणारा माणूस आहे. बाजारात मला बघून बांगडा विकणारा यमनी कपाळाला हात लावायचा. कंत्राटदाराला मी तीन वेळा उठून जाऊन चौथ्या वेळी माझ्या दरावर आणलं होतं. त्या दुपारी मी चकार शब्द काढला नाही. नोटा मोजून दिल्या. साहेबांनी साध्या पावतीपुस्तकातली पावती फाडून दिली आणि म्हणाले, शिक्का कफीलचा, म्हणजे तुझ्या सौदी जामीनदाराचा लागतो, तो मी त्याच्या ऑफिसातून परस्पर मागवून घेतो. मी मान हलवली. तिथून लवकर बाहेर पडायचं होतं, एवढंच डोक्यात होतं.

जानेवारीत तोफा सुरू झाल्या. खफजी रिकामं करायला सांगितलं. लोक गाड्या भरत होते, तेव्हा मी आणि माझे कारागीर गॅस वेल्डिंगची सिलिंडरं दुकानामागच्या वाळूत गाडत होतो. एखादा गोळा पडला तरी आग भडकू नये, शेजारच्या मल्याळ्याचं टायरचं दुकान जळू नये म्हणून. काडी लावणारा माणूस हे करत होता.

परतलो तेव्हा शटर वाकलेलं, आतलं सामान गायब. विमा कंपनीकडे मी एक रियाल मागितला नाही. लढाईचं नुकसान त्यात धरत नाहीत, हे मला आधीपासून माहीत होतं.

मग विम्याचं वर्ष संपत आलं. नवा विमा काढायला जुनी फाइल हवी, म्हणून कफीलच्या ऑफिसात गेलो. त्याचा सुदानी कारकून उस्मान फाइली लावत होता. त्याने माझी फाइल काढली, पानं उलटली आणि पुन्हा उलटली.

"यात तुझं नावच नाही," तो म्हणाला.

नसणारच. दुकान माझ्या घामाचं, पण कागदावर कफीलचं. परक्या माणसाच्या नावावर तिथे दुकान होत नव्हतं. कफील नाव द्यायचा आणि महिन्याची ठरलेली रक्कम घ्यायचा. विमा त्याच्या नावाचा. म्हणजे नववा प्रश्न त्याला होता. मला नव्हताच.

इंग्रजी मला वाचता येतं ते येस, नो आणि डेंजर. नवव्या प्रश्नासमोर 'नो' लिहिलं होतं. साहेबांच्या हातचं. पावतीवर होतं तेच वळणदार अक्षर. आणि कंपनीकडे भरलेला हप्ता तेवढाच, जेवढा टायरवाल्या मल्याळ्याने भरला होता. वरची भर साहेबांच्या खिशात.

दहा माणसांत मला दिवाळखोर म्हटलं आणि कागदावर 'नाही' लिहिलं.

मी उस्मानकडून फॉर्मची झेरॉक्स मागून घेतली आणि त्याच्या स्टुलावर बसलो. राग साहेबांचा होता, पण त्याहून जास्त स्वतःचा. एवढा व्यवहारी माणूस मी, आणि हे साधं गणित मला दिसलं नाही. का? मग कळलं. दिवाळखोर काडी लावेल म्हणून त्याच्याकडून जास्त घेत नाहीत. तो लाजेने वाद घालत नाही, म्हणून घेतात. तो फॉर्म मोठ्याने वाचला, तो त्यासाठीच.

दुसऱ्याच दिवशी रियाधला त्यांच्या ऑफिसात गेलो. पावती आणि फॉर्मची झेरॉक्स टेबलावर ठेवली. साहेबांनी उठून दार लावलं.

"बसा ना. चहा घेणार?"

पुन्हा 'तुम्ही'.

लढाईची धावपळ होती, म्हणाले. लिहिताना गडबड झाली असेल. वरचे पैसे आत्ता देतो. परमुलुखात आपणच आपल्या माणसांना सांभाळायचं, बाहेर बोभाटा कशाला. आणि पाकीट काढलं.

मी म्हणालो, "पैसे माझेच आहेत, ते मी घेणार. पण इथे नाही. या शुक्रवारी त्याच माणसांना बोलवा. नववा प्रश्न वाचा, उत्तर वाचा, अक्षर कोणाचं ते सांगा. मग द्या."

साहेबांनी पाकीट मिटलं.

"दुकान कोणाच्या नावावर आहे आणि चालवतो कोण, हे मलाही मोठ्याने वाचता येतं. इकामा जपा."

मी उठलो. पैसे तिथेच राहिले. ते घेतले असते तर माझं तोंडही त्यांच्याच पाकिटात गेलं असतं. नवा विमा उस्मानला घेऊन दुसरीकडे काढला, सरळ दराने. पण बोललो नाही. तीन कारागिरांची पोटं माझ्या इकाम्याला बांधलेली होती. सौदीत होतो तोवर गप्प राहिलो. ती लाज अजून जाळते.

आता इकामा खलास. कफील नाही. मी माझ्या गावात आहे आणि बंदरावर पुन्हा बर्फ काढतो. पाटीवर माझं नाव आहे. विम्याचा फॉर्म इथेही आला, तोच प्रश्न होता. मी स्वतःच्या हाताने 'हो' लिहिलं आणि सगळ्या पावत्या जोडल्या. एजंटाने दर चढवला, तेव्हा कोणत्या नियमाने ते लेखी मागितलं. दोन तास भांडलो आणि दर उतरवून घेतला. यापुढे कोणी दिवाळखोर म्हणून मला गप्प बसवू शकणार नाही.

साहेब, तुम्हीही आता परत आला आहात, असं ऐकतो. पावती आणि झेरॉक्स माझ्याकडे आहेत. सोफ्यावर बसून हसलेले तुम्हीही हे वाचत असाल. मला माफी नको, चहा नको. 'नाही' कोणी लिहिलं, एवढं सांगा. दार लावून नाही. त्या शुक्रवारी प्रश्न जेवढ्या मोठ्याने वाचलात, तेवढ्याच मोठ्याने उत्तर द्या.