कॅन खराब निघाला

पंचवटीत भाजी विकून झाली की मी पाणी तपासणाऱ्या बाईंकडे घडीभर टेकतो. मी दुसरी शिकलेला. माझ्यापेक्षा शहाणं मी सहसा कुणाला म्हणत नाही, पण या बाईंना म्हणतो. एका तपासणीवर त्यांचं कधी भागत नाही. नळी उजेडात धरून तिला म्हणतात, "सांग गं बाई खरं."

मागं माझी टोमॅटोची रोपं जळाली. शेजारच्या मळेवाल्याशी बांधावरून भांडण होतं. त्यानंच माझ्या विहिरीत काही टाकलं, असं मी गावभर बोललो आणि कॅन भरून बाईंकडे नेला.

बाईंनी त्या पाण्यात नाकाला झोंबणारा अमोनिया घातला. पाणी गर्द निळं झालं.

"यात तांबं आहे, आबा. मोरचूद असणार."

"द्या लिहून! आत्ता जातो पोलिसात."

"थांबा हो. रोपांना पाणी कशानं घातलंत?"

"याच कॅननं की."

त्यांनी कॅन रिकामा केला, आपल्याकडचं स्वच्छ पाणी घालून खळबळला आणि तेच नळीत घेऊन अमोनिया घातला. पुन्हा निळं! तेव्हा मला आठवलं, फवारणीचं मोरचूद मीच त्यात भिजवलं होतं.

खोलीत आणखी चार माणसं होती. बाई एवढंच म्हणाल्या, "कॅन खराब निघाला, आबा. विहिरीचं पाणी स्वच्छ बाटलीत आणा."

दुसऱ्या दिवशी बाटलीतलं पाणी निळं झालंच नाही.

मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. त्या संध्याकाळी शेजाऱ्याच्या ओट्यावर जाऊन बसलो आणि म्हणालो, "कॅन खराब निघाला, गड्या. माझाच."