गोऱ्ह्याच्या मायचं दूध

बीरगांवच्या मागं आमचा गाईंचा गोठा आहे. रेल्वेची नोकरी करता करता बाबांनी तो उभा केला. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली मी पहिली, आणि हे सांगताना मी आवाज खाली करत नाही. फी निघाली ती एका पांढऱ्या गाईच्या दुधातून. ती आता म्हातारी झाली. तिचा शेवटचा गोऱ्हा अंगावर यायला लागला होता. त्यानं आईला गव्हाणीशी दाबलं, तेव्हा मी म्हटलं, "बाबा, याले बडवून घेऊ, खच्ची केला की थंड होईन."

"तिचं शेवटचं पोट्टं आहे हे," बाबा म्हणाले. "मंग तिच्या मागं काय राहीन?"

"मी राहीन," आई म्हणाली. "माही कंबर पाहा अगोदर."

बाबांनी माझ्याकडं पाहिलं. "तू शिकली ना? तूच सांग डॉक्टरले. त्याले काही झालं तर तुह्या डोक्यावर."

"हव," मी म्हटलं. त्या रात्री मात्र झोप नीट लागली नाही.

आमच्याकडं रिवाज आहे. गोऱ्हा बडवला की त्या दिवशी त्याच्या मायचं दूध घरात घ्यायचं नाही, सगळं त्याचं. पण ही गाय महिनाभर त्याला लाथेनं हाकलून राहिली होती. "रिवाज कोणासाठी पाळता?" बाबा पुटपुटले. "ती जवळ येऊ देईन तर ना."

डॉक्टर दीदी सकाळी आल्या. गोऱ्ह्याला आडवं पाडून पाय बांधले. त्यांनी सुन्न करायची सुई दिली आणि थांबल्या. मी त्याची मान गुडघ्याखाली धरली होती. बाबा भिंतीकडं तोंड करून उभे. दीदींनी कातडीखालची नस बोटांनी चाचपली, लांब दांड्यांचा चिमटा लावला, दाबला. मग दुसऱ्या बाजूला. रक्ताचा थेंब नाही. माझ्या गुडघ्याखाली एवढा मोठा जीव एकदा थरथरला, बस.

"हो गया, अंकल," दीदी म्हणाल्या.

दोर सोडले. तो उठेचना. बाबा वळले आणि त्यांनी आधी माझ्याकडंच पाहिलं. मग तो पाय फाकवत उठला आणि थेट मायकडं गेला.

आता लाथ बसते, असं वाटलं. गाईनं त्याला नाकापासून शेपटीपर्यंत हुंगलं. मागं जाऊन पुन्हा हुंगलं. मग चाटायला लागली. त्यानं कासेला ढुशी दिली, आणि ती पान्हवली. आटत आलेल्या त्या कासेतून दूध उतरलं, त्याच्या तोंडावर फेस आला. पान्हा कसा येतो हे मी परीक्षेत लिहिलंय, मार्क चांगले होते. तिथं उभी राहून मला त्यातलं एक वाक्य आठवेना. हात आपोआप जोडले गेले.

बाबांनी दुधाची बादली उपडी ठेवली. मग बाबा आईला म्हणाले, "आज माहा चहा कोरा ठेव."