गाडीचं नाक

बायको जाऊन पाच महिने झाले. तिच्याबद्दल चांगलं बोलणारे लई जण येऊन गेले. मी माझ्या चुकीबद्दल लिहितो. ती चूक तीन इंच जाड, चार फूट लांब आणि करड्या रंगाची होती. मोरीचा पाईप.

माझं शिक्षण सातवीपर्यंत. सातवी पास का नापास ते विचारू नका. लातूरात माझी एक जुनी डिझेल गाडी होती, तिसऱ्या हातानं घेतलेली, पांढरी. भूकंपानंतर काही वर्षांनी लातूरात शिकवण्यांचं पीक आलं. भूकंपात भेगा पडलेल्या भिंती लोकांनी बुजवल्या, वरून रंग मारला आणि त्या खोल्या परगावच्या पोरांना भाड्यानं दिल्या. ही पोरं अहमदपूर, लोहा, नांदेडाकडून आणायची, सुट्टीला परत सोडायची, हे माझं काम. टपावर पत्र्याच्या पेट्या, गाद्या, आत पोरं आणि रडणाऱ्या आया.

एवढं वजन घेऊन उन्हाळ्यात गाडी चढाला दमायची. पाय खालपर्यंत दाबला तरी रांगायची. नांदेडच्या एका मिस्त्रीनं बॉनेट उघडून दाखवलं. हवा गाळायचा डबा रेडिएटरच्या मागं, इंजनाला चिकटून. तो म्हणाला, "चाचा, इंजनाला गार हवा पाहिजे. तुम्ही त्याला तव्यावरची पाजून राहिले."

मला ते पटलं. मिस्त्रीच्या हातून करून घ्यायचं मात्र पटलं नाही. मी स्वतः बसलो. नळवाल्याकडून पाईप आणला, वळणासाठी एक कोपरा आणला. तेलाचा पत्र्याचा डबा कापून हवेच्या डब्याभोवती पेटी केली, म्हणजे इंजनाची गरम हवा आत शिरू नये. इंजन हलतं, पाईप हलत नाही, म्हणून मधी जुन्या टायरच्या ट्यूबचा तुकडा घातला आणि तारेनं आवळला. पाईप रेडिएटरच्या बाजूनं पुढं काढला आणि त्याचं तोंड बंपरच्या मागं, खाली ठेवलं. खाली हवा गार असते, असा माझा हिशोब.

गाडी चढाला पळायला लागली. मी चौकात दोनदा ते सांगून आलो.

बायकोनं वाकून बघितलं. ती देवणीकडची, जनावरांच्या घरातली. ती म्हणाली, "अहो, बैल पाण्यात घातला की नाक वर करतो. तुम्ही गाडीचं नाक खाली केलं."

"बैलाचं तू बघ. इंजनाचं मला कळतं."

"आणि धूळ? धूळ न्हाई का जायची आत?"

"आत गाळणी हाय."

ती उठली, जुन्या लुगड्याचा तुकडा आणला, चौघडी केली आणि पाईपाच्या तोंडाला बांधली. पाण्याच्या घागरीला बांधतात तशी. मी ते ओढून फेकलं. म्हणलं, "गळा दाबायली का गाडीचा?"

इथं एक सांगायला पाहिजे. भूकंपाच्या सकाळी मी आणि ती तिच्या थोरल्या बहिणीच्या गावाला गेलो होतो. बहीण दुपारी सापडली. अंगावर खरचटलेलंसुद्धा नव्हतं. तोंड आणि नाक मातीनं भरलेलं, एवढंच. बायको रडली नाही. तिनं तिथंच आपलं लुगडं फाडलं, तुकडे भिजवले आणि उकरणाऱ्या प्रत्येकाच्या तोंडाला बांधत फिरली. तेव्हापासून तिचं हे फडक्याचं. पिठाच्या डब्याला फडकं, खिडकीच्या फटीला फडकं, पोरगी झोपली की उशाला फडकं. मला हे सगळं माहीत होतं. तरी मी तो तुकडा फेकला.

आता त्या दिवसाचं.

पोरीची डॉक्टरकीच्या प्रवेशाची परीक्षा होती आणि नंबर नांदेडला आला होता. आमची एकुलती पोरगी. दोन वर्षं तिनं दुसरं काही बघितलं नव्हतं. पावणेदहाला फाटक बंद होणार, त्यानंतर कोणाला आत घेणार नाहीत, असं कागदावर छापलेलं. बायको म्हणाली, आदल्या दिवशी एसटीनं जाऊ, मुक्काम करू. मला आदल्या दिवशी भाडं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्या पोरीनं माझ्या गाडीतून जावं, असं मला वाटत होतं. लोकांची पोरं नेतो, माझी का एसटीनं जाईल?

पहाटे पाचला निघालो. त्याआधी मी अंघोळीला गेलो तेव्हा बायको गाडीपुढं हळद-कुंकू वाहत होती. खाली वाकली होती. मी बघितलं आणि सोडून दिलं.

अहमदपूरपर्यंत काही नाही. पुढं रस्ता ओला लागला. रात्री तिकडं अवकाळी पडला होता. एका नाल्यावर नव्या पुलाचं काम चालू होतं आणि वाहतूक खालून, नाल्यातून काढलेली. त्या वळणरस्त्यावरून पाणी चाललं होतं, चहासारखं. घड्याळात पावणेआठ.

काठावर एक शेतकरी दोन बांडे बैल घेऊन उभा होता. मी विचारलं, "किती हाय?"

"गुडघ्याच्या खाली. टॅक्टर गेला की आत्ता."

बायको म्हणाली, "टॅक्टर उंच असतो."

"फिरून गेलो तर अकरा वाजतील," मी म्हणलो. पोरगी मागं बसली होती. प्रवेशपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून छातीशी धरलेलं. मी गाडी घातली.

मधोमध गेलो आणि बंपरसमोर पाण्याची लाट उभी राहिली. इंजनाचा आवाज बदलला. घुसमटल्यासारखा. मग दोन आचके आणि बंद. एकदम शांत. फक्त दारांना घासून जाणारं पाणी.

मी चावीला हात घातला. तिनं माझं मनगट धरलं.

"थांबा. आधी बघा."

"सोड."

"पोटात पाणी गेलं असलं तर? मारू नका सेल."

तिचं बरोबर होतं. पाणी सिलिंडरात गेलेलं असलं आणि चावी फिरवून सेल मारला, तर आतला दांडा वाकतो आणि इंजन खलास. हे मीच तिला कधीतरी सांगितलं होतं. मी हात काढला. मग ती हळू म्हणाली, "मी सकाळी फडकं बांधलं होतं. पाईपाला."

माझं डोकं फिरलं. गाडी का बंद पडली ते मला कळलं असं मला वाटलं. हवा अडली, इंजन गुदमरलं, हिच्या फडक्यानं. मी ओरडलो. तो शेतकरी ऐकतोय, पोरगी ऐकतीय, मला कशाचंच भान नव्हतं.

"तूच मारलीस गाडी. पोरीचं वरीस तू बुडवलंस!"

तिनं दार उघडलं, पाण्यात उतरली आणि पोरीला हात दिला. दोघी पलीकडच्या काठाकडं चालल्या. पोरीनं पिशवी डोक्यावर धरली होती, आईनं पोरीला.

शेतकरी बैल घेऊन पाण्यात आला. "काय मामा, पवायला शिकवायले का गाडीला?"

मला त्याला शिव्या द्यायच्या होत्या. दिल्या नाहीत, कारण दोर त्याच्या हातात होता. पुढच्या आकड्याला दोर बांधला. बैलांनी नाकं वर केली, अगदी आकाशाकडं, आणि ओढ लावली. मी मागून ढकलत होतो. तेवढ्यात मला दिसलं ते बैलांच्या नाकांचं. बघायचं नव्हतं, पण समोरच होतं.

गाडी पलीकडं वर आली. आठ वाजून वीस मिनिटं. मी बॉनेट उघडलं. पक्कड दोनदा हातातून पडली. तार तोडली, ट्यूब सोडवली, पाईप बाहेर ओढला.

फडकं तोंडाला नव्हतं. ते पाईपात वीतभर आत ओढलं गेलं होतं आणि तिथं बोळा होऊन घट्ट बसलं होतं. बोटानं निघेना, पान्यानं ढकलून काढलं. बोळ्याच्या एका अंगाला गाळ आणि पाणी. दुसऱ्या अंगाला पाईप नुसता ओलसर. मी हवेचा डबा उघडला. आतल्या गाळणीवरून बोट फिरवलं. कोरडी.

पाईपाचं तोंड पाण्यात गेलं, इंजनानं पाणी ओढलं आणि तिच्या फडक्याचा बोळा मधी आला. म्हणून नुसती हवा तुटली आणि इंजन मेलं नाही, निजलं. फडकं नसतं तर चालत्या इंजनानं बादलीभर पाणी पोटात घेतलं असतं आणि मी चावीला हात घालायच्या आधीच सगळं संपलं असतं.

हे मला तिथंच, त्या मिनिटाला कळलं. बायको पाच पावलांवर उभी होती, पोरीच्या सलवारीचे पाय पिळत. मी फडकं खिशात कोंबलं. पाईप झुडपात फेकला. पाईपाशिवाय सेल मारला. तिसऱ्या वेळेला इंजन बोललं.

मी म्हणलो, "बसा."

एवढंच.

लोह्याच्या पुढं रस्ता चांगला होता. मी काटा बघत होतो, घड्याळ बघत होतो, आरशात पोरीचं तोंड बघत होतो. ती खिडकीबाहेर बघत होती. नांदेडात शिरलो तर ऑटोंची रांग. हॉर्नवर हात ठेवून, एक चाक गटारीच्या कडेवर चढवून गाडी काढली. फाटकाशी पोचलो तेव्हा शिपायानं एक दार लावलेलं होतं. बायकोनं पदरानं पोरीच्या पायाचा चिखल पुसला. शिपाई म्हणाला, "मावशी, पाय नाही तपासत कोणी. जाऊ द्या तिला." पोरगी आत गेली आणि दुसरं दार लागलं.

तीन तास आम्ही लिंबाखाली गाडीत बसलो. बोलायला तेवढा वेळ पुष्कळ होता. मी म्हणलो, "चहा घेतीस का?"

"घेते. फडकं द्या. नळ दिसतोय तिथं, धुवून घेते."

"फेकलं ते."

तिनं माझ्या सदऱ्याच्या ओल्या खिशाकडं बघितलं. मी काढून दिलं. तिनं धुतलं आणि बॉनेटवर वाळत घातलं. पुढच्या आठवड्यात मी नवा पाईप बसवला, तोंड वर, काचेच्या कडेला. तिनं त्याला तेच फडकं बांधलं. मी काही म्हणलो नाही आणि तिनंही काही म्हणलं नाही. आमचं असंच मिटायचं. मला वाटलं, मिटलं.

पोरीला मार्क थोडे कमी पडले. माणसांची डॉक्टर नाही झाली, उदगीरला शिकून जनावरांची झाली. चांगली झाली. मी लोकांना सांगायचो, पेपर अवघड होता.

आई गेल्यावर पोरगी तेरा दिवस इथं होती. एका सकाळी आईची लुगडी घड्या घालून ठेवत होती. त्यात एका लुगड्याचा कोपरा कापलेला निघाला. ती तो हातात धरून बसली. मग माझ्याकडं न बघता म्हणाली, "अप्पा, त्या दिवशी वेळेत पोचवलंत तुम्ही. पण तुम्ही आईला जे बोललात ना पाण्यात, ते मला पेपरभर ऐकू येत होतं. प्रश्न वाचायची आणि तेच ऐकू यायचं."

मी विचारलं, "आईला सांगितलंस कधी?"

"न्हाई. तिला वाटलं असतं, ती फडक्याचं बोलली म्हणून माझे मार्क गेले."

मी भिंतीला टेकून बसलो. इतक्या वर्षांत जे तिच्या आईला बोलता आलं नाही, ते पोरीला बोललो. "चूक माझी होती. पाईपाचं तोंड मीच खाली केलं होतं. फडक्यानं तर गाडी वाचली."

पोरीनं लुगड्याची घडी घातली, कापलेला कोपरा आत घेऊन.

"मालूम हाय अप्पा," ती म्हणाली. "आम्हा दोघींना त्याच दिवशी मालूम झालं, तुम्ही फडकं खिशात कोंबलं तेव्हाच. तुम्ही कधी म्हणताय, त्याची ती वाट बघत होती."