पाणी म्हण, मग देतो

निजामी अमलात, उर्दू शाळेत मराठी बोललो म्हणून मी मास्तरांच्या छड्या खाल्ल्या. त्यातून माणूस शहाणा व्हावा की नाही? मी तीच मास्तरकी पुढं घरात चालवली, छडीशिवाय.

आम्हाला मूल नव्हतं. मठाच्या स्वामींनी गुलबर्ग्याकडच्या एका विधवेची चार वर्षांची लेक आमच्या ओटीत घातली. पोर नुसती कानडी बोलायची. मला बाजारात गिऱ्हाइकं सांभाळून कानडी येत होती. बायको येरमाळ्याकडची, तिला ओ की ठो कळत नव्हतं. चांगला बाप म्हणजे लेकराची मागची वाट बुजवून टाकणारा, अशी माझी समजूत. म्हणून मी कायदा केला: पोर कानडी बोलली की मी बहिरा. ती "नीर" म्हणायची, मी आढ्याकडं बघत बसायचो. "पाणी म्हण, मग देतो."

"अवो, तहानलंय लेकरू," बायको म्हणायची.

"तुला काय कळतंय? असंच वळण लागतं."

सहा महिन्यांत पोर फाडफाड मराठी बोलू लागली. सास्तूरच्या बाजारात मी मिशीला पीळ देत सांगत फिरलो. तिच्या आईला निरोप धाडला होता, "पोर रमू द्या, मग या." पोर रमली. 'आता या' म्हणायचं तेवढं राहून गेलं. सोयीचं विसरण्यात मी लहानपणापासून हुशार.

आठेक वर्षांनी, रझाकारांच्या धामधुमीत, ती बाई गाठोडं घेऊन सोलापूरकडं निघाली आणि वाट वाकडी करून आमच्या दारी आली. लेकीला जवळ ओढून म्हणाली, "ऊटा आतेन?"

पोर माझ्याकडं बघू लागली. "आप्पा, या काय म्हणत्यात?"

"जेवलीस का, म्हणतीया."

"व्हय, जेवले की," पोर पाहुणीला सांगावं तसं म्हणाली.

मग ती बाई तिचा हात धरून कितीतरी वेळ बोलत राहिली. घरात दाणा नव्हता म्हणून तुला दिली, जड झालीस म्हणून नाही. अजून पहिली भाकरी तुझ्या नावानं बाजूला काढते. मला शब्दन् शब्द कळत होता. पण पोर उठून तिच्यामागं गेली तर?

"काय म्हणत्यात, आप्पा?"

"नीट राहा, म्हणतीया."

पोरीनं मान डोलावली. बाईनं तिच्या कोरड्या डोळ्यांकडं पाहिलं. लेकीनं सगळं ऐकलं आणि तिला काहीच वाटलं नाही, असंच ती समजली असणार. गाठोडं उचलून चालू लागली.

पुढं ती सोलापुरातच वारल्याचा सांगावा आला. त्या दिवशी मी पोरीला सगळं खरं सांगितलं. ती माझ्यावर ओरडली असती तर बरं झालं असतं.

"तिच्या बोलीत सांगा," एवढंच म्हणाली.

मी सांगू लागलो. कानडी मला कळायची सगळी, पण बोलता यायची ती भाव करण्यापुरती. आईचं बोलणं त्यात कसं मावावं? पोर माझ्या ओठांकडं टक लावून बघत होती. तिला एक शब्द कळत नव्हता.

"परत सांगा," ती म्हणाली.