बाकी एक

दस्तगीरभाऊ चहाच्या आधी गणित घालायचे. वीजमीटरचं रीडिंग घ्यायला मी लोणावळ्याच्या त्या बंगल्यावर पहिल्यांदा गेलो, तेव्हा त्यांनी मीटरच्या नंबरावर बोट ठेवलं : १०९००९३१. "ह्याला तिनानं भाग जातो का, सांगा बरं?" मी गांगरलो. "आकड्यांची बेरीज करा की! तेवीस. न्हाई जात," म्हणाले आणि खूश होऊन आधण ठेवलं.

अठरा वर्षं ते त्या बंगल्याचे राखणदार होते. मालक वर्षातून चारदा येत, पण फोन कधीही येई, आणि फाटकावरच्या कॅमेऱ्यात भाऊ दिसले नाहीत की खैर नसे. घर बेगडेवाडीला, लोकलने तासाभराच्या आत. तिथे बायको, हमीदामावशी, आणि मुलाने आईबापासाठी बांधलेली नवी खोली. मावशी फोनवर म्हणायच्या, "या आता." हे म्हणायचे, "बघू."

मग त्यांनी त्या नंबराशीच पैज लावली आणि मावशींनाही फोनवर सांगून टाकली. भाग गेला तर नोकरी सोडायची. कुणालाच बधला नाही तर इथेच राहायचं. झाडांना पाणी घालून झालं की वहीत रोज एकच भागाकार. भाजक मूळ संख्याच घ्यायचे, आणि वर्गमुळापर्यंत, म्हणजे तेहतीसशे एकपर्यंत पुरे. "त्याच्या म्होरं कोन असंल तर त्याचा जोडीदार मागंच घावतो," हा त्यांचा हिशेब, आणि तो बरोबर होता. तरी साडेचारशेहून जास्त भागाकार, म्हणजे सव्वा वर्षाचं काम.

"भाऊ, मोबाइल एका सेकंदात सांगेल," मी म्हणालो.

"मोबाइल मालकानं दिलाय. त्याला कशाला इचारू?"

दर महिन्याला मी विचारायचो, "फुटला का?" उत्तर ठरलेलं : "न्हाई अजून. लय अडेल हाय." मला राग यायचा. साठीचा माणूस, फाटकाची किल्ली याच्याच खिशात! एकदा बोललोच, "आकडा कशाला हवा? चला माझ्याबरोबर स्टेशनवर." ते फाटकापर्यंत आले, कॅमेऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "झाडांना पानी घालायचं ऱ्हायलंय." झाडांखालची माती ओली होती.

शेवटी एकदाची वही संपली. "न्हाई फुटला. आता आमी हितंच," त्यांनी सांगितलं. मला वाटलं होतं, खचतील. पण चेहरा हलका झाला होता, आणि त्या दिवशी चहात साखरही जास्त पडली.

पुढच्या उन्हाळ्यात फाटकाशीच छातीत कळ येऊन ते गेले. मी बेगडेवाडीला भेटायला गेलो, तेव्हा मावशींनी ती वही माझ्यापुढे ठेवली. "मला वाचता येत न्हाई. तुमी बघा."

पानं चाळताना २७११ च्या भागाकाराशी थांबलो. वर उत्तर ४०२१. शेवटच्या पायरीत सत्तावीसशे अकरातून सत्तावीसशे अकरा वजा केले होते आणि बाकी लिहिली होती एक. मी वही उजेडात धरली. आधी तिथे शून्यच होतं. त्याला मागाहून दुसऱ्या शाईने शेपूट जोडलं होतं. त्यानंतरही दोन महिन्यांवर त्यांनी रोज भागाकार केले होते, एकही न चुकवता.

"खरंच फुटत नव्हता का ओ?" मावशींनी विचारलं.

मला त्यांच्याकडे बघवेना. "नव्हता, मावशी."

"मंग त्येंचा काय दोस न्हाई," त्या म्हणाल्या आणि वही पदराने पुसून फळीवर ठेवली.